बर्फ बोलेपर्यंत थांबायचं

आइस पॅक कानाशी धरायचा, हलवायचा आणि ऐकायचं. आत पाण्याची खुळखुळ आली तर निघायचं. नाही आली तर पॅक परत टेबलावर ठेवायचा आणि हात बांधून बसायचं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम हेच, हात बांधून बसायचं.

या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि मग शीलाताईंना वाचायला दिला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी लिहायला सांगितलं की आपलं काय चुकलं असेल हाच विचार आधी मनात येतो. ताई म्हणाल्या, "लिहा न बाबूभाऊ. कासाबाईचं लिहा. पण माह्या तोंडी शिव्या नका घालू." शिव्या मी गाळल्या आहेत. त्यामुळे मजकूर बराच कमी झाला.

मी लस पोचवणारा. वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा मोटरसायकलला बांधतो, ज्या गावात त्या दिवशी लसीकरण असेल तिथं नेतो, आणि उरलेलं संध्याकाळी परत आणतो. शीलाताई या केंद्रातल्या सिस्टर. माहेर आसेगावकडचं, आवाज दोन शेतं ओलांडणारा. गावं त्यांना ओळखतात आणि मला त्यांच्या मागं येणारा डबा म्हणून ओळखतात.

मूळचा मी मालवणाकडचा. बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथं लाद्या फोडायला लागलो तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. बर्फाचा एक थर, माशाचा एक थर, परत बर्फ. हात कमी पडला तर मासा रत्नागिरी गाठेपर्यंत डोळे पांढरे करायचा. आमचा मुकादम सांगायचा, "बर्फाक कंजूषपणा करू नको, मेल्या. जितक्या गार, तितक्या बरा." एवढा एकच धडा मी आयुष्यात पाठ केला, आणि त्यानंच पुढं माझा घात केला.

इकडं आलो तो बर्फाचा गोळा विकायला. गावचा एक दोस्त म्हणाला, पोहरादेवीच्या यात्रेत चैत्राचं ऊन असतं आणि माणसांचा समुद्र असतो, गोळे हातोहात जातील. गेलेही. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. दोस्त गाडी घेऊन पुढच्या यात्रेला गेला आणि मी या केंद्राच्या खाटेवर येऊन पडलो. ना गावचं कुणी, ना बोली कुणाला कळणारी. मी "माका पाणी होया" म्हटलं की शेजारचा पेशंट हसायचा. आठ दिवस शीलाताईंनी डबा घरून आणून मला जेवू घातलं. ते मी विसरणार नाही आणि त्या विसरू देणार नाहीत.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि खाटेवरून मी त्यांना लसीचा डबा भरताना पाहिलं. पॅक टेबलावर पसरून ठेवलेले, त्यांना घाम सुटलेला, आणि या निवांत चहा पितायत. मला राहवेना. म्हटलं, "ताई, बर्फ वितळतोय. असा कोण ठेवतो?"

"तुले बर्फातलं लय समजते काय?"

"बारा वर्षं तेच केलंय."

"मंग उठ. ताप गेला न तुहा? फ्रीज पुसून घे."

तो फ्रीज मी अजून पुसतोय.

आता धंदा थोडक्यात सांगतो. लसीला दोन ते आठ अंशात ठेवायचं असतं. वर गेली की बिघडते, हे सगळ्यांना माहीत आहे. कुपीवर एक छोटा चौकोन छापलेला असतो, ऊब लागत गेली की तो काळवंडतो आणि चुगली करतो. पण काही लसी गोठल्या तरीही बिघडतात, आणि त्याची चुगली करणारा चौकोन कुपीवर नाही. म्हणून डीप फ्रीजरमधला दगडासारखा पॅक सरळ डब्यात घालायचा नाही. बाहेर काढून आत थोडं पाणी सुटेपर्यंत थांबायचं. पाणी सुटलेला बर्फ शून्याच्या खाली जात नाही, मग कुपी गोठत नाही.

हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मनात मात्र मुकादम बसलेला. शिवाय पोलिओचे थेंब तर डीप फ्रीजरमध्येच ठेवलेले मी डोळ्यांनी पाहत होतो. म्हटलं, एका लसीला गोठणं चालतं तर दुसरीला काय धाड भरली. ताई समोर असल्या की त्यांच्या पद्धतीनं थांबायचो. त्या परस्पर गावाला गेल्या असल्या की पॅक फ्रीजरमधून थेट डब्यात. वर झाकण दाबून म्हणायचो, आता बघा म्हणावं कसं गार राहतं ते. असं दोनदा केलं. तिसरी वेळ कासाबाईच्या गावाची.

गावाचं नाव घेत नाही. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, आणि वरच्या वस्तीतली घरं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. कासाबाईचं घर त्यांतलंच. ती स्वतः, मुलगा, सून रेखा, दीड वर्षाचा नातू प्रेम, सगळे त्याच दिवशी चार वाजता शेलूबाजारहून ट्रकनं सांगलीकडं जाणार होते. गेल्या हंगामात उसाच्या फडात प्रेमचा तिसरा डोस हुकला होता. तो आज नाही झाला तर पुन्हा सहा महिने उघड्यावर, पाचटात, शे-दीडशे माणसांत. ताईंनी आठ दिवस आधीपासून त्या घराचा पिच्छा पुरवला होता.

अंगणवाडीत मी पोचलो तेव्हा कासाबाई प्रेमला कडेवर घेऊन उंबऱ्यातच उभी होती. आत यायची नाही आणि जायचीही नाही.

"शीला, मले एक सांग. माह्या नातवाले घटसर्प नाई, धनुर्वात नाई. बिना रोगाची सुई कायले टोचून राह्यली तू?"

"सांगतो न काकू, बसा तं खरं. बाबूभाऊ, डबा उघडा."

मी कोपऱ्यात बसून डबा उघडला. कुप्यांची पिशवी पॅकला चिकटली होती. ओढली, तर एक कुपी पॅकवरच्या बर्फाचा पापुद्रा घेऊनच हातात आली. आत पांढरा खडा. दुसरी तशीच. सगळ्याच तशा.

बंदरावर असतो तर मुकादमानं पाठ थोपटली असती.

मी कुपी तळहातात घट्ट दाबून धरली आणि ताईंकडं पाठ केली. हात माझा बर्फवाल्याचा असला तरी गरम असतो. दोन मिनिटांत खडा सुटला. पाहिलं, दुधासारखं पांढरं पाणी. पहिल्यासारखंच दिसत होतं. चौकोनही ठणठणीत. बोललो नाही तर जगात कुणालाच कळणार नव्हतं. पोरांना त्रास होणार नव्हता, ताईंना कळणार नव्हतं, आणि माझी नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते.

मागं ताई कासाबाईला समजावत होत्या.

"शेलूबाजारातला किल्लीवाला मालूम हाये न तुमाले?"

"हाव. माह्या पेटीची किल्ली त्यानंच लावून देल्ली."

"तसे लाखोनं किल्लीवाले या पोट्ट्याच्या रक्तात हायेत. पण एकेकाजवळ एकच किल्ली. अन् गंमत अशी का, कोनतं कुलूप येईन थे कोनालेच मालूम नाई. म्हून कुलूप न पाहता आधीच जशा जमतीन तशा वाकड्यातिकड्या किल्ल्या घडवून ठेवल्या."

"मंग अर्ध्या किल्ल्या फुकट जात असतीन."

"अर्ध्या काय, जवळपास साऱ्याच. जन्मभर कुलूप भेटत नाई त्याईले."

"माह्या भावासारखं," कासाबाई म्हणाली. "पुढं सांग."

"रोग येते तवा आपल्या अंगावर त्याचं कुलूप घेऊन येते. एखाद्याची किल्ली बरोब्बर बसली, का थो एकटा राह्यत नाई. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी फौज उभी करते. मंग त्याच किल्ल्या ढिगानं रक्तात सोडते. थ्या रोगाले जाऊन चिकटतेत अन् त्याले जाम करतेत. पण काकू, पयल्या खेपेले हे कराले आठ-पंदरा दिवस लागते. घटसर्प काई तितके दिवस ओसरीत बसून राह्यत नाई. लसीत रोग नाई, नुसतं त्याचं कुलूप हाये. थे दाखवून फौज आधीच बनवून घ्याची. फौज मंग पांगते, पण थोडेसे मानसं वळख धरून बसून राह्यतेत. वर्षानुवर्षं. खरा चोर आला का दोन दिवसात तयार."

"अन् हे तीन-तीनदा कायले?"

"तुमी सुनेले एक गोष्ट कितीदा सांगता?"

"सात खेपा," कासाबाई म्हणाली. रेखानं पदर तोंडाला लावला.

मी कोपऱ्यात तसाच. तोवर मला वाटत होतं, लस म्हणजे औषध. औषध शिळं झालं तर थोडं कमी लागू पडेल, इतकंच. आता मुठीतल्या कुपीकडं पाहिलं. आतलं कुलूपच मोडलं असेल तर त्या पोराच्या अंगातले किल्लीवाले कशाला उठतील? कार्डावर तिसऱ्या डोसची खूण होईल, कासाबाई निश्चिंत होईल, आणि पोर रिकामंच फडात जाईल. आजारी पडलं तर ऊस, पाणी, नशीब, सगळ्यांवर आळ येईल. माझ्यावर येणार नाही.

"ताई," मी म्हटलं, "लस गोठली. सगळी. माझ्या हातून."

शीलाताईंनी कुपी घेतली, उजेडाकडं धरली, पॅकवर बोट ठेवलं. आवाज दोन शेतं ओलांडणाऱ्या बाईनं इतक्या हळू बोललेलं मी तेव्हाच ऐकलं. "खुळखुळ ऐकली होती का?"

"नाही."

"पयलेही असंच केलं का?"

"दोनदा."

इथं गाळलेला मजकूर.

मग त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आजची लस चालणार नाही, दुसरी येतेय, दोन तास थांबा. कासाबाईनं नातू दुसऱ्या कडेवर घेतला. "पाह्यलं व रेखा? मी म्हनत होती न. आता हे म्हनते लस खराब. चाल, भांडे बांधाचे हायेत." आणि निघाली.

"बाबूभाऊ," ताई म्हणाल्या, "गाडीले किक मारा."

केंद्र चौदा किलोमीटर. पोचलो तेव्हा पावणेदोन. डॉक्टरसाहेबांना फोन गेलेला होताच. त्यांनी फ्रीजमधून नव्या कुप्या काढायची तयारी ठेवली होती, आणि टेबलावर चार पॅक. फ्रीजरमधून नुकतेच काढलेले, ठणठणीत दगड.

चारला ट्रक. हात आपोआप पॅककडं गेला.

"ठेवा खाली," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, उशीर होतोय."

"उशीर झाला तर एक पोर हुकेल. हे असंच नेलं तर सगळीच हुकतील. बसा."

बसलो. पॅकवर पांढरं दहिवर धरलेलं. मी त्यांच्याकडं आणि घड्याळाकडं आळीपाळीनं पाहत होतो. बहुतेक माझं तोंड बघून डॉक्टरांना दया आली असावी, ते बोलत बसले. म्हणाले, लसीतले रोगाचे तुकडे तुरटीच्या जातीच्या एका क्षाराला चिकटवलेले असतात. तो क्षार म्हणजे डफडं वाजवणारा. तो गलका करतो म्हणून शरीराचं तिकडं लक्ष जातं. गोठलं की क्षाराच्या गुठळ्या होतात आणि सगळा खेळ विस्कटतो.

मी पॅक हलवला. मुका.

मी विचारलं, रोग रक्तात असला तर किल्ल्या चिकटतील, पण तो एखाद्या पेशीच्या आत घुसून बसला तर? डॉक्टर खूश झाले. म्हणाले, त्यासाठी दुसरी जात आहे. अंगातल्या बहुतेक प्रत्येक पेशीनं आत काय शिजतंय त्याची वानगी उंबऱ्यावर ठेवायची, असा नियम आहे. पहारेकरी दारोदार फिरून ती वानगी तपासतात. घरचंच अन्न असलं तर पुढं जातात. परक्याचं दिसलं की ते घरच पाडून टाकतात, आतल्या पाहुण्यासकट.

"आणि चुकून आपलंच घर पाडलं तर?"

"म्हणून त्यांची शाळा असते. छातीच्या हाडामागं. तिथं प्रत्येकाला आपल्या घरची वानगी दाखवतात. जो आपल्यावरच धावून येतो तो नापास. ज्याला काहीच ओळखता येत नाही तोही नापास. बहुतेक सगळे नापासच होतात."

"मग नापासांचं काय करतात?"

"मारून टाकतात."

मला मास्तरांनी नुसतं घरी पाठवलं होतं. बरेच भले होते म्हणायचे.

थोडे का होईना, काही आपल्यावरच धावणारे नजर चुकवून सुटतात म्हणे त्या शाळेतून, आणि त्यांना आवरायला वेगळे शिपाई ठेवावे लागतात. हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या केंद्रातही ताई आहेत.

दोन वाजून वीस मिनिटांनी पॅक हलवला आणि आत पाणी बोललं. एवढुसं, शहाळ्याच्या तळाशी उरतं तेवढं. मी चारही पॅक कानाला लावले, मग डॉक्टरांच्या कानाला लावले, मग परत माझ्या. "आता निघा," ते म्हणाले.

अंगणवाडीत थांबलेल्या पोरांना ताईंनी तीनच्या पुढं झरझर डोस दिले, आणि आरोग्याचं काम बघणाऱ्या गावच्या आशाताईंना त्यांच्याजवळ अर्धा तास बसवून डबा मांडीवर घेऊन माझ्या मागं गाडीवर बसल्या. वाटभर बोलल्या नाहीत. मला शिव्या चालल्या असत्या.

शेलूबाजारला ट्रक उभाच होता. भांडी, गाद्या, दोन शेळ्या, टोपलीखाली कोंबड्या. कासाबाई वर चढायच्या बेतात होती. पोहरादेवीच्या यात्रेत तिनं माझा गोळा खाल्ला होता. मला पाहून म्हणाली, "आला व माय, गोळेवाला आला. अबे, मघा तूच म्हनला न खराब हाये म्हून? इतक्यात चांगली झाली काय?"

"ती फेकली, काकू. ही दुसरी."

"मले कसं समजाव?"

मी डब्याचं झाकण उघडलं, पॅक काढला आणि तिच्या कानाशी धरला. हलवला. सकाळी हाच आवाज ऐकायला मी थांबलो नव्हतो, असं सांगितलं. आमच्याकडं मासा जितका गार तितका चांगला, त्या गर्वात होतो, असंही सांगितलं. बोलता बोलता मालवणीत घुसलो असणार, कारण ट्रकमधली माणसं हसायला लागली. कासाबाईनं पॅक माझ्या हातातून घेतला आणि स्वतः हलवून पाहिला. मग दुसरा मागितला. चारही ऐकले.

"पानी बोलते," ती म्हणाली. मग ताईंकडं वळून, "इतक्या वर्षात माही चूक झाली असं मले कोनी म्हनलं नाई. ना माह्या नवऱ्यानं, ना सरकारनं. टोच. पण पोट्ट्याले यानंच धराव. रडन तं याच्या नावानं रडन."

मी ट्रकच्या फाळक्याशी बसलो, निळा डबा पायाशी, प्रेम मांडीवर. त्यानं माझ्या मिशीला हात लावला, हसला, आणि तेवढ्यात ताईंनी आपलं काम केलं. पोर आधी थक्क झालं. माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि मग जे सुरू झालं ते शेळ्यांनाही सहन होईना.

त्यानंतर ताईंनी ट्रकच अडवला. डोस दिल्यावर अर्धा तास पोरावर लक्ष ठेवायचं असतं. ऊसतोड टोळीचा मुकादम म्हणाला, "बाई, सांगली काय इथं हाये?" ताई म्हणाल्या, "म्हून तं म्हनतो, अर्ध्या तासानं काई फरक पडत नाई." तो घड्याळ बघत राहिला, त्या पोराकडं बघत राहिल्या. मी कुणाकडं बघावं ते न कळून कोंबड्यांकडं बघितलं.

नोकरी राहिली. आधीच्या दोन गावांची यादी काढून ताईंनी आणि मी घरोघर फिरून चूक सांगितली आणि डोस परत दिले. काहींनी चहा दिला, काहींनी कुत्रं सोडलं. एका घराला कुलूप होतं. तीनदा गेलो. शेजारी म्हणाले, कुठं गेले माहीत नाही. त्या पोराचं नाव अजून माझ्या डायरीत पहिल्या पानावर आहे. यात्रेत, बाजारात, जीपच्या टपावर, त्या वयाचं पोर दिसलं की मी नाव विचारतो. लोक संशयानं बघतात. बघोत.

तेव्हापासून माझ्याइतका भित्रा लसवाला तालुक्यात नसेल. पॅक तीनदा ऐकतो, झाकण तीनदा दाबतो, चार किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून चौथ्यांदा बघतो. ताई म्हणतात, "भेव हेच तुमचं शिक्षण, बाबूभाऊ." फोनवर आयेला सांगितलं की मी आता बर्फ वितळायची वाट बघतो, तर ती म्हणाली, "ह्याच शिकाक इतक्या लांब गेलंस?"

चैत्रात ऊसतोडवाले परत आले. प्रेमचा पुढचा डोस होता. तो आता तुरुतुरु धावत होता आणि चार शब्द बोलत होता. अंगणवाडीत ताई आधीच बसलेल्या. सुई त्यांच्याच हातात, पण त्यांना त्यानं आनंदानं खारीक दाखवली. मग मी दारातून आत आलो, हातात निळा डबा.

गेल्या खेपेला पोराला रडायला सुई लागली होती. या खेपेला मी उंबरा ओलांडायच्या आत त्यानं खारीक टाकली, आजीच्या लुगड्यात शिरला आणि सगळं गाव गोळा होईल असा सूर लावला.

कासाबाईनं त्याला उचललं, माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं.

"शीला, तू म्हने पयल्या खेपेले पंदरा दिवस लागते अन् मंग दोन दिवसात तयार होते?"

"हाव काकू."

"दोन दिवस कायचे," कासाबाई म्हणाली. "गोळेवाला अजून दारातच हाये."